खिम्याचे कोफ्ते, पास्ता आणि पाण्याचा हिशोब

खिम्याचे छोटे कोफ्ते आणि पास्ता घातलेलं टोमॅटोचं सूप दोन शेगड्यांच्या गॅसवर तास-सव्वा तासात चौघांना पोटभर होतं. मुंबईत कामावरून उशिरा घरी पोचणाऱ्यांसाठी वरणभाताइतकंच सोयीचं हे जेवण आहे. ते बिघडतं तेही ठरावीक तीन तऱ्हांनी. कोफ्ते चिवट होतात, किंवा सुपात फुटून नुसता खिमा तरंगत राहतो, किंवा पानं घेईपर्यंत पास्ता सगळं सूप शोषून घेतो आणि पातेल्यात लगदा उरतो. तिन्ही वेळा गडबड पाण्याचीच झालेली असते. ते कोफ्त्यात टिकायला हवं होतं, पास्त्यात ठरावीकच जायला हवं होतं आणि उरलेलं वाटीत यायला हवं होतं.

चौघांसाठी ४०० ग्रॅम खिमा घ्या. मटण असेल तर खांद्याचं सांगा आणि १५ ते २० टक्के चरबी राहू द्या. मटणवाल्याला खिमा मशीनमधून दोनदा काढायला सांगायचं, याला कारण आहे. बोकडाच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेनचे पडदे बरेच असतात. कोलॅजेन विरघळून मऊ व्हायला ७० अंश सेल्सिअसच्या वर तास-दीड तास लागतो. आपले कोफ्ते सुपात असणार जेमतेम आठ-नऊ मिनिटं. तेवढ्यात ते पडदे शिजत नाहीत, म्हणून ते आधीच बारीक कापले गेले पाहिजेत. चिकन घेणार असाल तर छातीऐवजी तंगडीच्या मांसाचा खिमा करून घ्या. त्यात चरबी जास्त असते आणि तो कोरडा पडत नाही.

अनेक घरांत खिमा आणल्यावर चाळणीत धुतात. या पाककृतीत ते टाळाच. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो, ते पाणी तव्यावर सुटतं आणि कोफ्ते परतले न जाता उकडले जातात. धुवायचंच असेल तर मटणवाल्याला तुकडे धुऊन, निथळून, मग खिमा करायला सांगा.

आता कोफ्ता चिवट का होतो ते पाहू. चरबी सोडली तर मांसात वजनाने सुमारे ७५ टक्के पाणी असतं आणि ते प्रथिनांच्या धाग्यांच्या जाळीत अडकलेलं असतं. तापमान ५० अंशांच्या आसपास गेलं की मायोसिन हे प्रथिन घट्ट व्हायला लागतं. ६० ते ६५ अंशांना कोलॅजेन आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. ७० च्या पुढे अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिनही आवळतं. खिम्यात ही प्रथिनं मोकळी झालेली असल्यामुळे ती एकमेकांना धरून एकसंध, दाट गोळा बनवतात. कोफ्ता मऊ हवा असेल तर त्यांच्या मध्ये काहीतरी घालून ही पकड सैल करावी लागते.

ते काम पाव करतो. लादीतला एक शिळा पाव, साधारण ३० ते ३५ ग्रॅमचा, ३ टेबलस्पून दुधात पाच मिनिटं भिजवून पूर्ण कुस्करा. गुठळ्या राहता कामा नयेत. पावातला स्टार्च आधीच भाजला गेलेला असल्यामुळे दूध सहज धरतो आणि मांस आकसताना सुटणारा रसही बराचसा सामावून घेतो. कोरडा ब्रेडचुरा घातला तर उलटं होतं: तो मांसातलंच पाणी ओढून घेतो. ताज्या पावापेक्षा शिळा बरा, कारण ताजा पाव भिजल्यावर चिकट होतो.

मिठाचं माप चुकवू नका. ४०० ग्रॅम खिम्याला ५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा पाऊण चहाचा चमचा, सपाट. हे नुसतं चवीपुरतं नसतं. मिठामुळे मायोसिन अंशतः विरघळतं, मिश्रणाला चिकटपणा येतो, आणि शिजल्यावर तोच कोफ्त्याला बांधून ठेवतो. मीठ फार कमी पडलं तर कोफ्ता सुपात फुटतो. मीठ घालून दहा मिनिटं मळत बसलं तर पकड इतकी घट्ट होते की दाताखाली सॉसेजसारखा ताण लागतो. म्हणून आधी भिजवलेल्या पावात मीठ, अर्धा चमचा मिरपूड, किसून पिळून घेतलेला छोटा कांदा, एक चमचा आलं-लसूण आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर कालवा. खिमा शेवटी घाला आणि बोटांनी मिनिट-दीड मिनिटच एकत्र करा. मिश्रण तळहाताला चिकटून क्षणभर लोंबकळलं की थांबा. कांदा पिळायला विसरू नका, मिठामुळे त्याला पाणी सुटतं आणि मिश्रण सैल पडतं.

अंडं घातलंच पाहिजे असं नाही. खिमा फार सुका किंवा चिकनचा असेल तर अर्धं फेटलेलं अंडं पुरतं.

कबाबाच्या सवयीने कच्ची पपई घालावीशी वाटते. इथे नको. पपईतलं पपेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं, आणि कोफ्ता तापत असताना ६० ते ७० अंशांपर्यंत त्याचं काम उलट जोरात चालतं. कबाबाच्या मोठ्या, चिवट तुकड्याला त्याचा उपयोग होतो, पण आधीच बारीक केलेल्या खिम्याची त्याने पेस्ट होते. कच्च्या आल्यातही याच जातीचं, सौम्य एन्झाइम असतं, म्हणून आलं घातलेलं मिश्रण रात्रभर ठेवू नये.

मिश्रण १५ ते २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मुंबईच्या स्वयंपाकघरात हवा वर्षातले बहुतेक महिने ३० अंशांच्या आसपास असते, त्यात गॅसची धग. गरम हातांनी वळताना चरबी मऊ होऊन मिश्रणभर फासली जाते आणि परतताना तेलात वाहून जाते. थंड चरबीचे कण जिथल्या तिथे राहतात आणि शिजताना कोफ्त्याला रसाळ ठेवतात.

हात ओले करून साधारण १२ ग्रॅमचे गोळे वळा, म्हणजे व्यास पावणेतीन ते तीन सेंटिमीटर. एकूण चाळीसेक होतील. आकाराबद्दल इतकं काटेकोर असण्याचं कारण उष्णतेच्या प्रवासात आहे. गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायचा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २.८ सेंटिमीटरचा गोळा ४ सेंटिमीटरचा केला तर वेळ दीडपट होत नाही, दुप्पट होतो. एकाच पातेल्यात दोन्ही आकार असतील तर लहान कोफ्ते कोरडे पडतात नाहीतर मोठे आतून कच्चे राहतात. पहिला एक कोफ्ता पूर्ण परतून खाऊन पाहा. कडक वाटला तर मिश्रणात आणखी एक टेबलस्पून दूध घाला, फुटला तर अर्धा मिनिट आणखी मळा.

परतायला जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. नॉनस्टिकमध्ये पुढचा एक फायदा हातचा जातो. दोन टेबलस्पून तेल चांगलं तापवून कोफ्ते तीन खेपांत, एकमेकांत बोटभर जागा ठेवून सोडा. या टप्प्यावर पृष्ठभागावरचं पाणी जायलाच हवं. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि मांसाला खरपूस वास देणारी अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास झपाट्याने होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. तीत अमिनो आम्लं आणि साखरा एकत्र येऊन शेकडो वेगवेगळे सुवासिक रेणू बनतात. सगळे कोफ्ते एकदम टाकले की वाफ कोंडते, तेल थंड पडतं आणि कोफ्ते करड्या रंगाचे राहतात. सुरुवातीला कोफ्ता तळाला चिकटेल. ओढू नका. कवच तयार झालं की तो आपोआप सुटतो. दोन बाजूंनी मिळून तीन-चार मिनिटं पुरेत, आतून तो कच्चाच राहील आणि तसाच राहायला हवा. अर्थात, या अवस्थेत चव घ्यायची नाही.

तळाला जो तपकिरी थर बसतो, त्यातच सुपाची निम्मी चव आहे. काळा पडला असेल तर मात्र पुसून टाका, तो कडू लागतो. कोफ्ते काढून त्याच पातेल्यात दोन चिरलेले कांदे घाला. कांद्याला सुटणारं पाणी हा थर सोडवतं, उलथण्याने खरवडत राहा. चार लसणीच्या पाकळ्या आणि एका गाजराचे लहान चौकोनी तुकडे घालून पाच-सहा मिनिटं झाकून शिजवा. टोमॅटो त्यानंतरच. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात टिकाऊ होतं, म्हणून टोमॅटो आधी पडला तर गाजर कितीही उकळलं तरी कचकचीत राहतं.

तीन मध्यम टोमॅटो, २५० ग्रॅम, बियांसकट बारीक चिरून घाला. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा ग्लुटामेट जास्त असतं. याच ग्लुटामेटमुळे जिभेला येणारी चव १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सुपातून वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. मांसातून येणारं इनोसिनेट सोबत असलं की ही चव कित्येक पटींनी गडद लागते. टोमॅटो आणि खिमा एकत्र इतके छान लागतात त्यामागे हे आहे. टोमॅटो गळून तेल सुटेपर्यंत परता, मग दीड लिटर गरम पाणी आणि दीड चहाचा चमचा मीठ घाला. रविवारच्या मटणाची हाडं राखून ठेवली असतील तर पाण्याऐवजी त्यांचं सूप वापरा. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, त्यामुळे एका शिट्टीनंतर बारीक आचेवर ४० मिनिटांत हाडांतलं कोलॅजेन जिलेटिन होऊन उतरतं आणि सुपाला ओठांना जाणवेल असा दाटपणा येतो. पास्ता मात्र कुकरमध्ये कधीच शिजवू नका. स्टार्चचा फेस शिट्टीच्या नळीत अडकू शकतो.

पास्ता १२० ग्रॅम, जास्त नाही. लहान मॅकरोनी किंवा शंख, चमच्यात कोफ्त्याशेजारी बसेल असा. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं पाहून घ्या. महाराष्ट्रातला बन्सी गहू याच जातीचा. त्यातल्या ग्लुटेनची जाळी घट्ट असते आणि स्टार्चला आत धरून ठेवते. मैद्याच्या सुट्या मॅकरोनीत ही जाळी दुबळी असते, ती सुपात विरघळू लागते. १२० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून २७० ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे दीडशे मिली पाणी तो पितो. हे पाणी दीड लिटरमध्ये आधीच धरलेलं आहे.

सूप उकळलं की पास्ता घाला आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, कारण पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच चिकट असतो. मग कोफ्ते सोडून आच कमी करा. खळखळून उकळी नको, कडेला बारीक बुडबुडे येत राहिले की झालं. पास्त्याला उकळीची गरज नसते, त्याचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगायला लागतो. उकळीने कोफ्ते मात्र एकमेकांवर आपटून फुटतात आणि चरबी सुपात बारीक होऊन सूप गढूळ दिसतं. आठ-नऊ मिनिटांत दोन्ही तयार होतात. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ते साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे वेळ वाढवावा लागेल.

कोफ्ता शिजला का, हे रंगावरून ठरवू नका. खिमा पुरेसा तापायच्या आधीही तपकिरी दिसू शकतो. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते मशीनमधून आतपर्यंत पोचलेले असतात. मध्यभागी मटणाच्या खिम्यासाठी ७१ अंश आणि चिकनसाठी ७४ अंश गाठले गेले पाहिजेत. काटा असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असणं खरोखर उपयोगाचं आहे.

अर्धी जुडी पालक चिरून शेवटच्या मिनिटाला, झाकण न ठेवता घाला. टोमॅटोच्या आम्लात तो जास्त वेळ शिजला तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पानं मळकट होतात. लिंबू गॅस बंद केल्यावर.

आता उरलेलं सूप. ज्यांच्या घरी वरणफळं किंवा चकोल्या होतात त्यांना हे ठाऊक आहे: गरम असताना पातळ, तासाभरात घट्ट, सकाळी चमचा उभा राहील असं. कणकेचा असो वा पास्त्याचा, स्टार्च थंड होतानाही पाणी ओढत राहतो. सगळं एका बैठकीत संपणार नसेल तर पास्ता वेगळ्या पातेल्यात शिजवा, निथळून चमचाभर तेल लावून ठेवा आणि वाढताना वाटीत घालून वर सूप ओता. शिजलेला पास्ता बाहेर राहू देऊ नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात, उबदार हवेत वाढतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. सूप पसरट भांड्यात ओतून, ते भांडं पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

कोफ्ते दुप्पट वळून निम्मे कच्चेच ताटात सुटे गोठवता येतात, कडक झाल्यावर डब्यात भरा. पुढच्या वेळी न वितळवता थेट बारीक उकळत्या सुपात सोडा. वेळ बारा ते चौदा मिनिटं धरा, आणि पास्ता त्यांच्यानंतर चार-पाच मिनिटांनी घाला.