बॅलेतली मागची रांग ‘उरलेल्यांची’ नसते

दांडिया बाजारात गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या, की वडोदऱ्याच्या मराठी पालकांमध्ये एक वाक्य हमखास फिरतं: ‘बॅलेतसुद्धा ज्यांना जमत नाही त्यांनाच मागे उभं करतात.’ हे चूक आहे.

‘ला बायादेर’ हे बॅले घ्या. मारियुस पेतिपाने ते 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलं. कथा भारतातल्या देवदासीची (आपल्याला ती ओळखीची वाटेलच असं नाही). त्यात सावल्या, म्हणजे मेलेल्या देवदासींचे आत्मे झालेल्या नर्तकी, एकामागून एक उतारावरून येतात, प्रत्येक जण तेच आराबेस्क घेत: एका पायावर तोल, दुसरा मागे ताणलेला. कुठे 24, कुठे 32 नर्तकी. सर्वांत आधी उतरणारीला ते सर्वांत जास्त वेळा करावं लागतं, आणि तिच्यापुढे बघून घ्यायला कुणीच नसतं. एकीचा पाय डगमगला तरी गॅलरीतून दिसतो. नायिकेची चूक एकवेळ अभिनयात खपते.

1841 च्या ‘जिझेल’चा दुसरा अंक तर विलींच्या (लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांच्या) समूहाशिवाय उभाच राहत नाही.

मग हा शिक्का आला कुठून? 19व्या शतकातल्या पॅरिसमध्ये समूहातल्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या मुली बहुधा गरीब घरच्या, तुटपुंज्या पगारावरच्या. कमीपणा गरिबीचा होता, नाचाचा नव्हे.

आज पॅरिस ऑपेराच्या बॅलेत नर्तकांच्या दर्जाच्या पाच पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या तीन समूहाच्या. अमेरिकन बॅले थिएटरची मिस्टी कोपलंड 2001 मध्ये समूहात आली, 2007 मध्ये एकल नर्तकी झाली आणि 2015 मध्ये प्रमुख.