कॉलेज बास्केटबॉलची कॉन्फरन्स टुर्नामेंट शहरात आणायची असेल तर: बिड कशी भरायची आणि नेमकी कुठे अडकते

दर वेळी तोच प्रकार. कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या लीगची, आरएफपी (यजमानपदासाठी प्रस्ताव मागवणारी नोटीस) निघते, शहराचं टुरिझम ऑफिस उत्साहात रंगीत पीडीएफ बनवतं, कव्हरवर रात्रीचं डाउनटाऊन, आत मेयरसाहेबांचं पत्र, आणि पहिल्याच चाळणीत बिड बाहेर. का, विचारलं तर कुणी म्हणतं अरीना छोटा पडला, कुणी म्हणतं राजकारण. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. कागद कमी असतो, किंवा कागद असतो पण त्यावर जे लिहिलेलं हवं ते नसतं. अमेरिकेत हॉटेलात, अरीनात किंवा स्पोर्ट्स कमिशनमध्ये नोकरी करणारी आपली माणसं आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकून नुकतीच लागलेली पोरं यांच्या गळ्यात हे काम पडतं म्हणून लिहितोय.

आधी बिड भरावी का ते बघा. डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) मधल्या कॉन्फरन्सची टुर्नामेंट जिंकणारी टीम थेट एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या राष्ट्रीय टुर्नामेंटमध्ये जाते, पण ही टुर्नामेंट कुठे खेळवायची हे एनसीएए नाही, कॉन्फरन्स ठरवते. पॅट्रियट लीगसारख्या ठिकाणी वरच्या सीडच्याच (क्रमवारीत वर असलेल्या टीमच्याच) घरी मॅच होते, तिथे बिड हा विषयच नाही. बिग ईस्ट १९८३ पासून मॅडिसन स्क्वेअर गार्डन सोडत नाही, मिसुरी व्हॅली १९९१ पासून सेंट लुईसमध्ये ठाण मांडून आहे, त्यांच्या मागे लागून उपयोग नाही. कॉन्फरन्स यूएसए मात्र टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून २०२४ ला अलाबामातल्या हंट्सव्हिलला गेली, म्हणजे हलणारेही असतात. करार बहुधा काही वर्षांचे असतात, तो कधी संपतोय ते शोधा आणि त्याच्या बऱ्याच आधी कॉन्फरन्स ऑफिसला फोन करा, आरएफपी निघाल्यावर जागं होणाऱ्याला उशीर झालेला असतो.

जागा न्यूट्रल हवी, म्हणजे कुठल्याच मेंबर कॉलेजचं होम कोर्ट नको, हा साधा अर्थ. आता तुम्ही म्हणाल माउंटन वेस्ट लास व्हेगासला थॉमस अँड मॅकमध्ये खेळते आणि ते तर तिच्याच मेंबर कॉलेजचं, यूएनएलव्हीचं, घरचं कोर्ट, गार्डनमध्ये बिग ईस्टमधलं सेंट जॉन्स स्वतःच्या होम मॅचेस खेळतं. खरंय. पण हे उदाहरण बिडमध्ये देऊन वाद घालू नका. तुमच्या अरीनात एखादं मेंबर कॉलेज खेळत असेल तर पहिल्याच पानावर सरळ सांगा, कारण बाकीच्या कॉलेजांचे अॅथलेटिक डायरेक्टर ते शोधून काढतातच आणि मग लपवलं म्हणून मतं जातात.

कोर्ट ९४ बाय ५० फूट, लॉकर रूम किती, प्रॅक्टिस जिम कुठे, टीव्हीच्या ट्रक कुठे लागणार, इंटरनेट, हे सगळं फॉर्ममध्ये विचारलेलं असतं, भरून टाका. यात कुणी नापास होत नाही.

नापास होतात ते तारखांत. सिलेक्शन संडे, म्हणजे एनसीएए टुर्नामेंटच्या टीम जाहीर होतात तो रविवार, २०२३ ला १२ मार्चला होता आणि २०२४ ला १७ मार्चला, पुढे २०२५ ला १६ आणि २०२६ ला १५. कॉन्फरन्स या रविवारापासून मागे मोजते, मोठ्या त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी संपतात, बऱ्याच छोट्या आठवडाभर आधी. आणि लोक काय करतात, पहिल्या वर्षाच्या तारखा काढतात आणि तीन वर्षांसाठी त्याच कॉपी पेस्ट करतात, मग तिसऱ्या वर्षी फायनलच्या दिवशी अरीनात कंट्री म्युझिकचा शो बुक असतो. प्रत्येक वर्षाचं कॅलेंडर वेगळं काढा, आणि मॅचच्या आधीचे दिवसही धरा, फ्लोअर टाकायला, बास्केट उभी करायला, केबल ओढायला वेळ लागतो. मोठमोठ्यांनाही हे सुटलेलं नाही, बिग टेनला २०१८ ला गार्डन हवं होतं, पण नेहमीच्या आठवड्यात तिथे बिग ईस्ट, मग बिग टेनला आपली टुर्नामेंटच आठवडाभर अलीकडे ओढावी लागली आणि सगळं सीझनचं वेळापत्रक आवळावं लागलं.

त्याच तारखांचं अरीनाचं पत्र, हा पहिला कागद जो कुणाकडेच नीट नसतो. मॅनेजर गोड माणूस असतो, लिहून देतो की 'या तारखा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत'. राखून म्हणजे काय? फर्स्ट होल्ड की सेकंड होल्ड? सेकंड होल्ड म्हणजे तुमच्या पुढे आणखी कुणीतरी रांगेत आहे. वर अरीनात मायनर लीग हॉकीची टीम भाडेकरू असेल तर तिच्या लीजमध्ये तारखांचा पहिला हक्क बऱ्याचदा तिचा असतो, आणि मार्चमध्ये राज्याच्या हायस्कूल टुर्नामेंटही तिथेच असायच्या. पत्रात फर्स्ट होल्ड हे शब्द, एकेक तारीख, आणि हॉकीवाल्यांचं हक्क सोडल्याचं सहीचं पत्र सोबत. एवढं मिळवायला महिना जातो हे धरून चाला.

दुसरा कागद पैशाच्या हमीचा. आरएफपी म्हणते फायनान्शियल गॅरंटी जोडा, लोक मेयरचं शुभेच्छापत्र जोडतात. अहो, मेयरच्या सहीने बहुतेक शहरांत तिजोरी उघडत नाही, त्याला सिटी कौन्सिलचा ठराव लागतो. कौन्सिलची मीटिंग महिन्यातून एकदा किंवा दोनदा, विषय अजेंड्यावर यायला त्याच्या आधी कागद द्यायचे, हॉटेल टॅक्समधून पैसे द्यायचे असतील तर त्या फंडाची कमिटी वेगळी. आणि ठरावात 'बजेटमध्ये तरतूद झाल्यास' असं वाक्य वकील हमखास घालतात, ते वाचून कॉन्फरन्सचा माणूस फाइल बाजूला ठेवतो. वकिलाशी आधीच बोला. ऑफिसवाले स्वतःहून काहीही सांगणार नाहीत, डेडलाइन उलटल्यावर मात्र सगळे सांगतात.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. एजंट एका पानाचं सर्टिफिकेट पाठवतो, लोक खूश. अकॉर्ड २५ नावाचा तो फॉर्म एकदा वरून वाचा, ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की हा कागद फक्त माहितीसाठी आहे, हातात धरणाऱ्याला त्यातून कुठलाही हक्क मिळत नाही. कॉन्फरन्सचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड (त्याच विम्याचं संरक्षण मिळणारा) म्हणून पॉलिसीलाच जोडल्याची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीची पुरवणी, मागा, आणि नाव आरएफपीत आहे तसंच्या तसं, एक इन्कॉर्पोरेटेड राहिलं तरी परत पाठवतात.

हॉटेलच्या मंडळींनी हे लक्ष देऊन वाचा. या टुर्नामेंटमध्ये रोज काही टीम हरतात आणि घरी जातात, म्हणजे चार रात्रींचं बुकिंग असलेली टीम पहिल्याच रात्री सामान बांधून लॉबीत उभी, बस बाहेर चालू. कॉन्फरन्सला हवं असतं की हरलेल्या टीमला उरलेल्या रात्रींचे पैसे लागू नयेत, आणि हॉटेलच्या छापील करारात असतं की ब्लॉकच्या, म्हणजे एकगठ्ठा राखून ठेवलेल्या रूमपैकी, अमुक टक्के रूम भरल्या नाहीत तर दंड. ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत. जनरल मॅनेजरकडून वेगळं पत्र घ्या की हरलेल्या टीमला हे कलम लागू नाही, सेल्सवाल्याची ईमेल चालत नाही. आणि एकमेकांशी खेळणाऱ्या दोन टीम एकाच हॉटेलात टाकू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं.

राज्याच्या कायद्यांबद्दल प्रश्न असेल तर तो टाळू नका. २०१६ ला नॉर्थ कॅरोलिनाच्या एचबी २ कायद्यावरून (ट्रान्सजेंडर लोकांनी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं याचा कायदा) एसीसी या कॉन्फरन्सने आपल्या त्या सीझनच्या न्यूट्रल साइटवरच्या चॅम्पियनशिप राज्याबाहेर नेल्या, आणि हे तर त्यांचं घरचं राज्य. तेव्हापासून ऑफिसं या बाबतीत सावध आहेत.

पर्यायी जागेचं पान रिकामं सोडणारेही खूप. मार्च २००८ ला अटलांटात एसईसी कॉन्फरन्सच्या टुर्नामेंटची मॅच चालू असताना टोर्नेडोने जॉर्जिया डोमला तडाखा दिला, उरलेली टुर्नामेंट जॉर्जिया टेकच्या छोट्या कोर्टवर खेळवली, बहुतेक तिकीटवाले बाहेरच राहिले, आणि जॉर्जियाच्या टीमला एका दिवसात दोन मॅच खेळाव्या लागल्या. जवळच्या कॉलेजचं जिम मिळेल असं पत्र आधीच घेऊन ठेवा. करारातलं फोर्स मेजरचं (कुणाच्याच हातात नसलेल्या संकटाचं) कलमही तेवढंच नीट वाचा, १२ मार्च २०२० ला बिग ईस्टने गार्डनमध्ये मॅच हाफटाइमला थांबवून सगळी टुर्नामेंट रद्द केली, अशा वेळी अॅडव्हान्स कुणाचा हे तिथेच लिहिलेलं असतं.

डेडलाइन कॉन्फरन्स ऑफिसच्या घड्याळाने असते, तुमच्या नाही. ऑफिस इस्टर्न टाइममध्ये आणि तुम्ही सेंट्रलमध्ये असाल तर पाच म्हणजे तुमचे चार. आणि 'रिसीव्ह्ड बाय' म्हणजे पोहोचलं पाहिजे, पाठवलं नाही. प्रश्न विचारायची तारीख वेगळी आणि खूप आधी असते, तीही लिहून ठेवा.

एवढं झालं की शॉर्टलिस्ट, मग साइट व्हिजिट, मग कॉलेजांचे प्रेसिडेंट मत देतात. नाही आलं तर गुण कुठे गेले ते फोनवर विचारा, बरेचदा सांगतात. आणि जिंकलेली बिड शहराच्या खात्याने भरली असेल तर ती पब्लिक रेकॉर्ड्सच्या कायद्याखाली मागता येते, आपल्या आरटीआयसारखंच, काही राज्यांत पैशाची पानं काळी करून देतात, पण हॉटेल आणि अरीनाची पत्रं कशी लिहिली होती ते बघायला मिळतं.