आयसीयूतल्या लेकराची व्हिडिओ भेट

लहान मूल आयसीयूत आहे आणि घरच्यांना तिथे पोचता येत नाही, तेव्हा नर्स मोबाईल किंवा टॅब बेडजवळ धरून व्हिडिओ कॉलवर त्यांची गाठ घालून देते, ती व्हिडिओ भेट. नवजात बाळांच्या एनआयसीयूत आणि मोठ्या मुलांच्या पीआयसीयूत, दोन्हीकडे हे चालतं. परदेशात काही ठिकाणी बाळाजवळ कॅमेराच बसवलेला असतो. २०२० मध्ये कोरोनामुळे भेटी बंद झाल्या आणि ही पद्धत जास्त पसरली.

नागपूरकडे बघितलं तर कोरोना नसतानाही गरज आहेच. मेडिकल, मेयो, एम्स या इथल्या सरकारी दवाखान्यांत पेशंट गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून येतात, बालाघाट-छिंदवाड्याहूनही येतात. सीझर झालेली आई तिकडेच ॲडमिट, बाळ रेफर होऊन इकडे, बाप कधी मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, मग बाळाजवळ एकटी आजी किंवा मामा. अशा आईला दोन मिनिटं बाळ दिसणं फार मोठी गोष्ट आहे, आणि नुसता जिवाला धीर म्हणून नाही, बाळाला बघून, त्याचा आवाज ऐकून पान्हा फुटायलाही मदत होते.

कॉल शक्यतो राउंड आणि प्रोसिजर आटोपल्यावर लावतात. मोबाईल पुसून घ्यायचा, बाजूच्या बेडवरचं मूल दिसू द्यायचं नाही. कॅमेरा चालू करायच्या आधी नर्सने सांगायलाच हवं की तोंडात नळी आहे, अंगावर वायरी आहेत, मशीन वाजेल पण दरवेळी धोका असतोच असं नाही, नाहीतर घरचे स्क्रीनवर बघूनच हादरतात. मूल झोपेच्या औषधावर असलं तरी बोलायला सांगतात, मग गोंडी बोलणाऱ्या घरातल्या आजीने गोंडीतच बोलावं, लेकराच्या ओळखीचा आवाज आणि ओळखीची भाषा तीच आहे. घरी राहिलेल्या भावंडांनाही दाखवावं, आधी नीट समजावून.

मात्र दाराशी उभ्या आईला "व्हिडिओवर बघा" म्हणणं चूकच. भारत सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना तर आईवडिलांना नवजात बाळाच्या देखभालीत सामील करून घ्या असंच सांगतात, आणि कांगारू पद्धतीने छातीशी धरणं फोनवर होत नाही.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत रेंज नसते, तिथे नर्सने छोटा व्हिडिओ काढून ठेवला तर रेंज आली की पोचतो, फक्त आईवडिलांची परवानगी आधी घ्यायची आणि तो गावच्या ग्रुपवर टाकू नका हे सांगायचं. तब्येत अचानक बिघडली असेल तर आधी डॉक्टरांनी फोनवर बोलावं, पलीकडे आई एकटी आहे का ते विचारावं, व्हिडिओ त्यानंतर.