रक्त पातळ करायची गोळी की हृदयात बूच: हा वाद आला कुठून

घरातल्या पंचाहत्तरी-ऐंशीच्या माणसाला एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडायला लागले, की हृदयातली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन होणारा पॅरालिसिस (स्ट्रोक) टाळायला डॉक्टर रक्त पातळ करायची गोळी सुरू करतात, आणि हल्ली कुणीतरी वॉचमनचंही नाव काढतं. सोसायटीचा नव्हे, हृदयात बसवायचा: गुठळ्या होतात ती जागा बंद करणारं बूचासारखं डिव्हाइस.

गोळीची सुरुवात झाली गुरांपासून. १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमधून न गोठणारं रक्त घेऊन बायोकेमिस्ट कार्ल लिंक यांच्या लॅबमध्ये येऊन धडकला, त्याच धाग्यावरून पुढे वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध निघालं. १९४८ ला ते उंदरांचं औषध म्हणून आलं, १९५४ ला माणसांसाठी मंजूर झालं, आणि १९५५ च्या हार्ट अटॅकनंतर खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना दिलं गेलं!

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वॉरफरिनने स्ट्रोक साधारण दोन तृतीयांशाने कमी होतात हे १९८९ पासूनच्या ट्रायल्समधून कळलं. पण म्हातारं माणूस पडेल, डोक्यात रक्तस्राव होईल या भीतीने ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच गोळी मिळत नव्हती. १९९९ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला की फायद्यापेक्षा तोटा जास्त व्हायला माणूस वर्षात साधारण २९५ वेळा पडायला हवा. तरी भीती गेली नाही, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी टेस्ट) तपासायच्या चकरा, मेथी-पालक जपून खा, ही कटकट होतीच.

इथेच बूच शिरलं. १९९६ च्या एका आढाव्यात दिसलं की झडपेचा आजार नसेल तर हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यातल्या ९१ टक्के गुठळ्या तिथल्या कानासारख्या छोट्या पिशवीत होतात, मग ती पिशवीच बंद केली तर? २००१ मध्ये मांडीच्या शिरेतून पहिलं असं डिव्हाइस बसलं, २००९ मध्ये ७०७ पेशंटच्या ट्रायलमध्ये वॉचमन वॉरफरिनच्या तोडीस तोड ठरला (पण बसवताना हृदयाभोवती रक्त साचल्याच्या केसेस झाल्याच), आणि २०१५ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

गंमत अशी की तोवर प्रतिस्पर्धीच बदलला होता. २०१० पासून डॅबिगट्रान, मग एपिक्साबॅन वगैरे नव्या गोळ्या आल्या, त्यांना आयएनआर लागत नाही, म्हणजे मैदान मारलं ते जुन्या पैलवानाविरुद्ध. नव्या गोळ्यांशी थेट सामना झाला २०२० मध्ये, ४०२ पेशंटच्या प्राग-१७ नावाच्या ट्रायलमध्ये, तिथे डिव्हाइस कमी पडलं नाही, पण एवढ्या लहान ट्रायलवर किती भिस्त ठेवायची? शिवाय बूच बसलं म्हणून औषध लगेच सुटत नाही, मूळ ट्रायलमध्येही बसवल्यावर पहिले ४५ दिवस वॉरफरिन होतं.

आपल्याकडे लहानपणीच्या रुमॅटिक फिव्हरने झडप आकसलेले पेशंट अजून बरेच आहेत, त्यांना मात्र हा वाद फारसा लागूच नाही. २०२२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये त्यांच्यासाठी रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुनी वॉरफरिनच्या जातीचीच गोळी सरस ठरली, त्यामुळे असिट्रॉम (त्याच जुन्या जातीची गोळी) आणि आयएनआरच्या चकरा चालूच.