बिऱ्हाडकरूंचं शहर ओनरशिपचं कसं झालं

मुलगा शिकलेला, नोकरी पक्की. तरी स्थळाच्या बैठकीत चहा यायच्या आत प्रश्न येतो, ‘जागा स्वतःची की भाड्याची?’ हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला जातोय असं आपण धरून चालतो. मुंबईपुरतं तरी तसं नाही. गिरगाव, दादर, परळमध्ये माणसं भाड्याच्या खोलीत जन्मली, तिथेच त्यांची लग्नं झाली, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. स्वतःचं घर असायचं ते गावी. चाकरमान्याच्या गाठीला चार पैसे जमले की ते गावच्या घराची कौलं बदलायला जायचे. मुंबईत होतं ते बिऱ्हाड.

चाळ बांधणं हा तेव्हा सरळ उत्पन्नाचा धंदा होता. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारही त्यात उतरलं. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, तीही भाड्यानं.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडे नियंत्रण आलं. पण खरी गाठ बसली ती १९४७ च्या कायद्यानं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच बहुतेक जागांचं प्रमाण भाडं, म्हणजे कायद्यानं घेता येणारं भाडं, ठरलं. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षं टिकला. भाडेकरूला बाहेर काढणं जवळपास अशक्य झालं आणि घराच्या हक्काचा पुरावा म्हणजे भाडेपावती, असं समीकरण रूढ झालं. कित्येक घरांत ती अजून आजोबांच्याच नावावर आहे. पत्र्याच्या डब्यात, रबर लावून, दागिन्यांच्या शेजारी.

मालकानं यावर उपाय काढला तो पागडीचा. रक्कम आधी रोख घ्यायची, मग महिन्याचं भाडं नाममात्र. भाडेकरूनं खोली पुढे दुसऱ्याला दिली की मालकाला साधारण तिसरा हिस्सा आणि नव्या माणसाच्या नावानं पावती. हे सगळं बेकायदा, आणि सगळ्यांना ठाऊक. पण आलेल्या भाड्यात गळतं छप्परही दुरुस्त होईना. जिन्यांना टेकू लागले, इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये उपकर लावून सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं. कायद्याचा हेतू चांगला होता यात वाद नाही, पण भाड्यानं द्यायला नवं घर बांधावं असं त्यानंतर कुणाला वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

उरलीसुरली हिंमत १९७३ मध्ये गेली. १ फेब्रुवारी १९७३ ला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता नुसत्या वापराच्या परवान्यावर, राहत असलेल्यांना कायद्यानं भाडेकरू करून टाकलं. मालकांनी धडा घेतला: घर रिकामं राहिलं तरी चालेल, कुलूप बरं.

मग नव्या कुटुंबांनी जायचं कुठे? गावदेवीत सारस्वत मंडळींनी १९१५ मध्येच सहकारी गृहसंस्था काढली होती, पण ती वाट रुळली साठच्या दशकात. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि पाठोपाठ फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांवर बंधनं घालणारा १९६३ चा मोफा कायदा आला. बिल्डरनं २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करार नोंदवलाच पाहिजे, असं मोफानं घातलं. डोंबिवली, मुलुंड, बोरिवलीत ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द रुळला. पतपेढी, प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या पाटल्या यांतून तो उभा राहायचा. १९७७ मध्ये घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी आली आणि पगारदाराला हप्त्यानं घर घेण्याची सवय लागली. १९६१ मध्ये देशातली ५४ टक्के शहरी कुटुंबं भाड्यानं राहत होती. २०११ मध्ये राहिली सुमारे २८.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं पागडीला मान्यता दिली, जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, मुदत संपल्यावर लायसन्सची जागा परत मिळण्याची सोय केली आणि प्रत्येक करार नोंदवणं सक्तीचं केलं. तरी करार अकरा महिन्यांचाच होतो. वर्षाच्या आतल्या करारांना केंद्राच्या कायद्यात नोंदणीतून सूट आहे, तिची ही सवय. महाराष्ट्रात त्या सूटीचा उपयोग उरलेला नाही.

नुसता हिशेब मांडला तर भाडं कधीही परवडतं. एक कोटीचा फ्लॅट महिना पंचवीस हजारांत मिळतो; त्याच फ्लॅटसाठी ८० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना घेतलं तर हप्ता एकोणसत्तर हजारांच्या पुढे. तरी लोक हप्ता पत्करतात, कारण पंचवीस हजारांत मुलांची शाळा अकरा महिन्यांपलीकडे पक्की होत नाही. शिवाय आडनाव, धर्म, ताटातलं मटण, एकट्या मुलीचं रात्री उशिरा येणं, सगळ्याची तपासणी सोसावी लागते.

बीडीडी चाळींत आता १६० च्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मालकी हक्कानं, फुकट मिळतंय. त्यामुळे डब्यातली पावती बाहेर निघाली आहे. काकांचं नाव आधी लागलं होतं की बाबांचं, यावर घरोघरी खल चालू आहे.