परजीवी संसर्गातील विषाणू-प्रतिपिंड चाचण्यांची अचूकता

डेंगी, झिका, एचआयव्ही किंवा कोरोना यांसाठी केलेली अँटीबॉडी चाचणी, रुग्णाच्या अंगात हिवताप, काळा आजार किंवा जंत यांपैकी काही असल्यास, कितपत खरी मानायची हा रक्तचाचण्यांच्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. ही चाचणी विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अँटीबॉडीज, शोधते. परजीवीने रक्तात भलत्याच प्रतिपिंडांची गर्दी केली असेल, तर त्यातली काही चुकून विषाणूच्या खात्यावर जमा होतात.

पुण्यात या प्रश्नाला खास महत्त्व आहे, कारण देशात वापरली जाणारी यातली बरीच किटे इथेच घडली. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये सुरू केलेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुणेकर तिला नुसते ‘एनआयव्ही’ म्हणतात. डेंगी आणि चिकुनगुन्याची आयजीएम (संसर्गानंतर आधी बनणारी प्रतिपिंडे) मोजणारी एलायझा किटे, म्हणजे रंगावरून प्रतिपिंडे मोजणारी किटे, सरकारी रुग्णालयांना तिथून जातात. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये, ‘कोविड कवच’ ही आयजीएम नव्हे तर आयजीजी (नंतर बनून जास्त टिकणारी प्रतिपिंडे) मोजणारी चाचणीही याच संस्थेने तयार केली.

चूक नेमकी कुठे होते हे एलायझाची प्लेट पाहिल्यावर समजते. प्लेटमध्ये ९६ छोट्या वाट्या असतात. प्रयोगशाळेत त्यांना ‘वेल’ म्हणतात. साध्या, अप्रत्यक्ष पद्धतीत वेलच्या तळाला विषाणूचे प्रथिन चिकटवलेले असते. त्यावर रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव, ओतून वेल धुतात, मग रंग आणणारे रसायन घालतात. आधी निळा रंग येतो, आम्ल टाकले की पिवळा होतो, आणि यंत्र त्या पिवळेपणाचा आकडा देते. तो ‘कट-ऑफ’च्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, वर गेला की पॉझिटिव्ह. धुताना न निघालेले प्रत्येक प्रतिपिंड मोजले जाते, मग ते नेमके बसलेले असो की नुसते चिकटलेले. हिवतापाच्या सीरमचा वेल अनेकदा धड पांढराही राहत नाही आणि गडदही होत नाही. आकडा कट-ऑफच्या जेमतेम वर जातो. असा निकाल एका शब्दात ‘पॉझिटिव्ह’ म्हणून छापणे ही मोठी गैरसोय आहे. आकडा सोबत छापला तर डॉक्टरला निदान शंका तरी घेता येते.

डेंगीच्या आयजीएम किटची रचना उलटी असते. तिथे वेल आधी रुग्णाचे सगळे आयजीएम पकडतो आणि मग त्यातले डेंगीचे कोणते ते पाहतो. त्यामुळे चिकटण्याचा त्रास कमी होतो, पण दुसरा उभा राहतो. हिवतापात एकूण आयजीएम बेसुमार वाढलेले असते. पकडण्याच्या जागा मोजक्याच, त्या भलत्यांनीच अडवल्या तर खरे डेंगीचे आयजीएम बाहेर राहू शकते.

ही गर्दी होते कशी? हिवतापाचा प्लाझमोडियम आणि काळा आजाराचा लेशमॅनिया हे परजीवी बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना, सरसकट चेतवतात. ज्या पेशींचा त्या जंतूशी काही संबंध नाही त्याही प्रतिपिंडे सोडू लागतात. शिवाय काही प्रतिपिंडे प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतात. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनावरही अशा साखळ्या आहेत, म्हणून तीव्र हिवतापाच्या रुग्णांत या चाचण्या चुकून पॉझिटिव्ह आल्याचे पश्चिम आफ्रिकेत दिसले. झिकाच्या एलायझाबाबतही तसेच घडले आहे. एचआयव्हीच्या बाबतीत काळा आजार, आफ्रिकेतला निद्रारोग आणि शिस्टोसोमाचे जंत यांची नावे येतात. भारतात शिस्टोसोमा दुर्मीळच. रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी हे त्यासाठी १९५२ पासून वैद्यकीय नोंदींत असलेले गाव. एचआयव्हीचे निदान एका किटवर न सोडता वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांवर करण्याची राष्ट्रीय पद्धत अशा चुकाही गाळते.

या चुकीचे वजन मात्र गावागणिक बदलते. समजा, चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ९२ टक्के पकडते आणि निरोगींपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. हजार माणसांत २० जणांनाच संसर्ग होऊन गेला असेल, तर खरे पॉझिटिव्ह १८ आणि खोटे २०. निम्मे अहवाल चुकीचे! हिवतापामुळे ९८ चे ९० झाले, तर खोटे ९८ होतात. आता पुण्याचे २०२० च्या जुलै-ऑगस्टमधले सर्वेक्षण पाहा. पाच प्रभागांतल्या १,६६४ जणांपैकी ५१.५ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे सापडली. निम्मी वस्तीच बाधित असताना वरच्याच चाचणीतून हजारी सुमारे ४७४ खरे आणि १० खोटे निघतील. हिवताप तुरळक असलेल्या शहरात परजीवींचा गोंधळ या हिशेबात जाणवत नाही. तेच किट हिवतापाच्या गडचिरोलीत नेले, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

पुण्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न येतो तो पावसाळी तापात. बांधकामावर काम करायला झारखंड, ओडिशा किंवा गडचिरोलीहून आलेला माणूस थंडी वाजून ताप येतो म्हणून येतो. प्लेटलेट उतरलेल्या असतात, आणि त्या डेंगीत उतरतात तशा हिवतापातही उतरतात. रॅपिड किटवर डेंगीच्या आयजीएमची पुसट रेघ उमटली की नातेवाईक पपईच्या पानांच्या मागे धावतात आणि हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रक्ताची स्लाइड राहून जाते. खरा धोका इथे आहे: खोट्या डेंगीमुळे खरा हिवताप उपचाराविना राहतो. दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून डेंगी पॉझिटिव्ह आली तरी स्लाइड पाहायचीच. पहिल्या पाच दिवसांत आयजीएमऐवजी एनएस-१ हे विषाणूचे प्रथिनच शोधणे अधिक भरवशाचे.

नुसत्या प्रतिपिंडांवर विसंबायचे नाही, हा धडा झिकाच्या बाबतीत प्रयोगशाळांनी डेंगीमुळे आधीच घेतला होता, कारण त्या दोन विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांत मिसळतात. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, तो विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणाऱ्या पीसीआरने.

जंतांचा परिणाम उलट्या बाजूनेही होऊ शकतो. ते प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात, त्यामुळे काही लसींना मिळणारा प्रतिसाद मंदावतो.

शंका उरलीच तर हिवतापाचे औषध पूर्ण करून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेतात आणि दोन्ही नमुने एकाच प्लेटवर लावतात. डेंगी खरा असेल तर आयजीजी चढलेले दिसते. नुसती गर्दी असेल तर रंग फिका पडत जातो. त्याहूनही खात्री हवी असल्यास प्लाक रिडक्शन चाचणी असते. तीत रुग्णाचा सीरम जिवंत विषाणूला पेशींवर खरोखर रोखतो का, हे काही दिवस वाट पाहून मोजतात.