सेंट लेजर (घोड्यांची शर्यत)

सेंट लेजर म्हणजे इंग्लंडात डॉनकास्टरला दर सप्टेंबरात होणारी तीन वर्षांच्या घोड्यांची रेस. अंतर साधारण २.९ किलोमीटर. तिकडे पाच रेसना क्लासिक म्हणतात, त्यात ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लांब. इथे नुसता वेग चालत नाही, दम लागतो.

आता तीन वर्षांचा घोडा म्हणजे किती कोवळा, ते खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात व्यापारी घोड्याचा ओठ वर करतो, समोरचे मधले दोन दात वर-खाली पक्के आलेले, मोठे न पिवळसर, आणि बाजूचे अजून दुधाचे बारके पांढरे, की समजायचं जनावर तिसऱ्यात आहे. "दात देखा, मंग भाव बोला." रेसवाल्यांचा हिशोब याहून सोपा, तिथे घोडा कधीही जन्मू दे, १ जानेवारीला सगळ्यांचं वय एक वर्षाने वाढतं.

रेस सुरू झाली १७७६ ला. अँथनी सेंट लेजर नावाचे लष्करी अधिकारी डॉनकास्टरजवळ राहायचे, त्यांची ही कल्पना. प्रत्येक मालकाने २५ गिनी (जुनी इंग्रजी सोन्याची नाणी) टाकायच्या, अंतर दोन मैल. पहिली रेस मारली लॉर्ड रॉकिंगहॅमच्या घोडीने, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिला नावच नव्हतं, अलाबाक्युलिया हे नाव मागून पडलं. १७७८ ला रेसचं नाव ठरवायची वेळ आली तेव्हा लोक रॉकिंगहॅमचं नाव द्यायला निघाले होते, तेच म्हणाले की नाव सेंट लेजरचं द्या. त्याच वर्षी रेस टाउन मूरच्या मैदानावर आली आणि १८१३ ला अंतर थोडं कमी झालं.

१८२२ ला थिओडोर नावाचा घोडा जिंकला, त्याचा भाव होता २०० ला १, म्हणजे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. महायुद्धांत रेस कधी न्यूमार्केट, कधी मँचेस्टर, कधी यॉर्कला गेली. १९८९ ला तर डॉनकास्टरचं मैदानच खचलं म्हणून ती स्कॉटलंडात एअरला पळवली.

पाच क्लासिकांतल्या टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर, या तिन्ही एकाच घोड्याने मारल्या तर ट्रिपल क्राउन. पहिला मानकरी १८५३ चा वेस्ट ऑस्ट्रेलियन, शेवटचा १९७० चा निजिन्स्की. अवघड का, तर गिनीज एका मैलाची, डर्बी दीड मैलाची आणि ही पावणेदोन मैलांच्याही थोडी वर, म्हणजे एकाच जनावराकडून चार-पाच महिन्यांत वेगाचं न दमाचं अशी दोन वेगळी कामं करून घ्यायची. निजिन्स्की लेजरनंतर पॅरिसच्या आर्क रेसमध्ये थोडक्यात हरला, त्याआधी त्याला कातडीचा आजार होऊन गेलेला, तरी दोष आला लेजरच्या वाट्याला की एवढ्या लांब पळवून घोड्याचा दमच काढला. मग मालक घाबरायलाच लागले. १९८९ चा नशवान, २००९ चा सी द स्टार्स, दोघांनी गिनीज न डर्बी मारली आणि लेजरला आलेच नाहीत. खरं कारण पैसा. लांब पळणाऱ्या घोड्याला पैदाशीसाठी मागणी कमी, वेगवान घोड्याला जास्त, मग कोण कशाला रिस्क घेईल? २०१२ ला कॅमेलॉट मात्र आला आणि पाऊण घोड्याच्या लांबीने एनकी नावाच्या घोड्याकडून हरला. पुढच्या वर्षी हाच एनकी स्टेरॉइडच्या टेस्टमध्ये सापडला, लेजरचा निकाल तसाच राहिला. कॅमेलॉटवाल्यांना काय वाटलं असेल!

बाकी देशांनी याच्या नकला केल्या पण सगळ्यांनी वयाची अट टिकवली नाही. फ्रान्सने १९७९ ला आणि आयर्लंडने १९८३ ला आपापली लेजर मोठ्या वयाच्या घोड्यांनाही खुली केली, माझ्या मते तिथेच तिचा मुद्दा गेला. जपानची किक्का शो मात्र अजून तीन वर्षांच्याच घोड्यांची आहे आणि ३००० मीटर, म्हणजे मूळ रेसपेक्षाही लांब.

आपल्याकडे इंडियन सेंट लेजर पुण्याच्या रेसकोर्सवर सप्टेंबरात होते, २८०० मीटर. सारंगखेड्याच्या मारवाडी, काठियावाडी किंवा नुकऱ्या घोड्यांना तिथे प्रवेश नाही, ते थरोब्रेडचंच, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीचंच काम. आणि एक फरक, मुंबईची डर्बी फेब्रुवारीत होते, तोवर १ जानेवारी उलटून गेलेली असते, म्हणून डर्बीच्याच तुकडीतला, पुढे सप्टेंबरात पुण्याच्या लेजरला पळणारा घोडा कागदावर चार वर्षांचा असतो.